कोणत्या तोंडानं सही मागू?

चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून आलेलं पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून थोडक्यात देतो.

लिहिणाऱ्या ताई अडतीस वर्षांच्या आहेत, गावातल्या बचत गटाच्या सचिव. गावात देशी दारूचं परवान्याचं दुकान आहे. ते बंद व्हावं म्हणून गटातल्या बायकांनी ‘आडव्या बाटली’साठी, म्हणजे दुकान बंद करायचं का यावर बायकांचं मतदान व्हावं म्हणून, सह्या गोळा करायचं ठरवलंय. कागदपत्रांचं कळतं म्हणून पुढारपण ताईंच्या गळ्यात घालताहेत. अडचण अशी की ताईंचा नवराच पितो. ट्रॅक्टर चालवतो, माणूस कष्टाळू. पण गेली सात-आठ वर्षं सकाळी डोळा उघडला की लागते, नाही मिळाली तर हात थरथरतात. “हात उगारतो, पण मारत फारसा नाही,” असं ताई लिहितात. जिल्ह्यात दारूबंदी होती त्या सहा वर्षांत त्याची सुटली नाही, फक्त महाग झाली. मग गावातलं दुकान बंद करून तरी काय होणार, असं त्यांना वाटतं. त्यात जाऊ चार बायकांत म्हणाली, “आधी आपलं घर सावर, मग गाव सुधार.” आणखी एक गोष्ट त्यांनी पत्राच्या शेवटी लिहिलीय. बंदी असताना एकदा त्यांनी स्वतःच नवऱ्याला दारू आणून पाजली होती. “अशा बाईनं कोणत्या तोंडानं सही मागायची? आणि अकरावीतल्या मुलाला काय सांगायचं?”

ताई,

पत्राच्या शेवटी, जवळजवळ माफी मागत लिहिलेली गोष्ट मी आधी घेतो.

तान्ह्या पोळ्याचा दिवस. नवऱ्याला आदल्या दिवसापासून मिळाली नव्हती. अंगाला घाम, हातांना कापरं, आणि संध्याकाळी तो भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून झटकायला लागला. तुम्ही घाबरलात. वणीकडून माल आणणाऱ्या पोराकडून दुप्पट पैसे मोजून पव्वा घेतलात, पदराखाली झाकून आणलात, दोन घोट पाजलेत. अर्ध्या तासात तो निवला आणि झोपला. तेव्हापासून तुम्हाला वाटतं, आपणच त्याला बिघडवलं.

तुम्ही त्याला बिघडवलं नाही. त्या संध्याकाळी तुमच्यासमोर एक आजार चालू होता आणि त्याचं नाव तुम्हाला कुणी सांगितलेलं नव्हतं. रोज, वर्षानुवर्षं दारू घेणाऱ्याचा मेंदू ब्रेकवर पाय ठेवून चालवलेल्या ट्रॅक्टरसारखा असतो. दारू हा ब्रेक. गाडी चालती राहावी म्हणून मेंदू ॲक्सिलरेटर जास्त दाबून धरायला शिकतो. एके दिवशी ब्रेक अचानक सुटला की ट्रॅक्टर उसळतो. शेवटचा घोट घेतल्यावर सहा-आठ तासांत कापरं भरतं, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भलतंसलतं दिसायला लागतं, ताप चढतो, भान जातं. उपचार मिळाला नाही तर या अवस्थेत माणूस दगावतो. लोक म्हणतात, “सोडायची असती तर एका दिवसात सोडली असती.” तुमच्या नवऱ्यासारख्यानं घरी बसून एका दिवसात सोडणं हीच सगळ्यांत धोक्याची गोष्ट आहे. दवाखान्यात हेच काम औषधं देऊन, ती हळूहळू कमी करत आणि ब-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देऊन साधारण आठवडा-दहा दिवसांत होतं.

त्या दिवशी त्याला दवाखान्यात नेणं योग्य ठरलं असतं. पण ते तुम्हाला कळणार कुठून? २०१५ च्या १ एप्रिलला जिल्ह्यातली दुकानं बंद झाली, तेव्हा रोज पिणारी ही सगळी माणसं दुसऱ्या दिवशी काय करणार, हा प्रश्न प्रत्येक तालुक्याच्या दवाखान्यात आधी विचारला जायला हवा होता. दिल्लीच्या एम्सनं देशभर केलेल्या पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो, आणि दवाखान्यात भरती होऊन उपचार मिळणारा १८० जणांत एक. उरलेल्यांचा उपचार तुमच्यासारख्या बायका करतात, कधी शिव्या देऊन, कधी देवाला नवस बोलून, कधी पदराखाली पव्वा आणून.

तेव्हा त्या शिशीचं ओझं उतरवा. आणि एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. पुन्हा असं झालं, म्हणजे फिट आली, भास झाले, ताप चढला किंवा बोलणं असंबद्ध झालं, तर १०८ ला फोन करा. “रोज पिणारा माणूस आहे, इतक्या तासांपासून मिळालेली नाही,” हे वाक्य डॉक्टरांना पहिल्या मिनिटात सांगा. लाजेखातर ते लपवलं तर सगळी तपासणी भलत्या दिशेनं जाते.

आता ‘कोणत्या तोंडानं’.

या प्रश्नात एक गृहीत दडलंय: दारूविरुद्ध बोलायचं तर आपलं घर कोरडं हवं. हे तुमच्या जावेचं म्हणणं आहे आणि तुम्ही ते मान्य करून टाकलंय. पण विदर्भात दारूविरुद्ध आजवर कोण उठलं ते आठवून पाहा. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे, ती तिथल्या लोकांनी कित्येक वर्षं लावून धरली म्हणून आली. तुमच्याच जिल्ह्यातून २०१० च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरच्या विधानभवनाकडे बायका थंडीत पायी निघाल्या होत्या. त्यात कोरड्या घरातल्या किती असतील? ज्यांच्या चुलीवरचं भांडं रात्री लाथेनं उडालेलं असतं त्या चालतात. पाण्याच्या मोर्च्याला जायला आपल्या घरी नळ असावा लागतो का?

उलट तुमच्यापाशी असं काही आहे जे गटातल्या बाकी बायकांपाशी कदाचित नसेल. बंदी आली की पिणाऱ्याच्या घरात काय होतं ते तुम्ही आतून पाहिलंय. सह्या मागताना ते लपवू नका. “माझ्याही घरी आहे, म्हणूनच आले,” एवढं एक वाक्य पुरे. ते तुम्ही आधीच बोललात की दुसऱ्या कुणाला तुमच्या पाठीमागे बोलायला काही उरत नाही.

मात्र एका गोष्टीत जावेचं बोलणं मी पुरतं झटकणार नाही. तिनं घर आणि गाव ही दोन कामं एकापुढे एक लावली. तुम्ही त्यांची गाठ मारताय. तुमच्या मनात असं काहीसं चाललंय: दुकान बंद होईल, मग याला मिळणार नाही, मग याची सुटेल. आणि बंदीच्या सहा वर्षांत तसं झालं नाही, तेव्हा दुकान बंद करण्यातच अर्थ नाही. ही गाठ सोडवायला हवी.

दारूचं दुकान बंद करणं हे नवऱ्याचं औषध नाही. ते कधीच नव्हतं. ज्याला सकाळी उठल्यावर लागते तो माणूस वीस किलोमीटर जाईल, दुप्पट पैसे मोजेल, मोहाची पिईल, हातभट्टीची पिईल. बंदीचं यशापयश त्याच्यावरून मोजलं तर ती नेहमीच फसलेली दिसणार. दुकान गावापासून लांब गेलं, दारू महाग झाली की फरक पडतो तो मधल्या माणसांत. आठवड्याच्या बाजाराला घेणारा, मजुरी हातात पडली की घेणारा, मित्रांबरोबर पहिल्यांदा चाखून बघणारा, यांचं पिणं कमी होतं. जागतिक आरोग्य संघटना सगळ्या देशांना हेच सांगते: कर वाढवा, मिळण्याच्या जागा आणि वेळा कमी करा, जाहिरात बंद करा. एवढ्यानं गावातलं एकूण पिणं उतरतं आणि उद्याचे तुमच्या नवऱ्यासारखे कमी तयार होतात.

बिहारचं बघा. तिथे २०१६ च्या एप्रिलपासून पूर्ण बंदी आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचे बंदीआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारच्या राज्यांशी ताडून केलेला एक अभ्यास २०२४ मध्ये लॅन्सेटच्या आग्नेय आशियासाठीच्या नियतकालिकात आला. बंदीमुळे रोज किंवा दर आठवड्याला पिणारे पुरुष अंदाजे २४ लाखांनी कमी झाले आणि नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेच्या २१ लाख घटना टळल्या, असा त्यांचा हिशेब आहे. हे आकडे छोटे नाहीत. पण त्याच बिहारात २०२२ च्या डिसेंबरात सारण जिल्ह्यात विषारी दारूनं घरंच्या घरं उजाड झाली. दोन्ही खरं आहे. बंदीवर बोलणारे बहुतेक लोक यातलं एकच सांगतात, आणि कुठलं सांगणार ते त्यांचा चेहरा बघूनच ओळखता येतं.

विषारी दारू ही फक्त बंदीची देणगी आहे असंही नाही बरं. मुंबईत मालाडच्या मालवणीत २०१५ मध्ये शंभरावर माणसं मेली, तेव्हा मुंबईत बंदी कुठे होती? मिथाइल अल्कोहोल मिसळलेली स्वस्त दारू गरिबाच्या वस्तीत कुठेही पोहोचते. (पिल्यानंतर काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी नजर अंधुक झाली, पोटात कळा आल्या, तर झोपू न देता थेट दवाखाना. डोळे आणि जीव, दोन्ही वेळेवर अवलंबून असतात. हे गटाच्या बैठकीत एकदा सगळ्यांना सांगून ठेवा.)

तुमच्या जिल्ह्याचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. चोरटी दारू वाढली, महसूल बुडाला, बायका-पोरं या धंद्यात ओढली गेली, अशी कारणं देऊन २०२१ च्या मेमध्ये मंत्रिमंडळानं बंदी उठवली आणि पावसाळ्यात दुकानं उघडली. त्या कारणांत तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. पण महसुलाची गोष्ट निघाली की मला नेहमी हसू येतं. राज्यघटनेचं ४७ वं कलम सरकारला सांगतं की मादक पेयांवर बंदी आणायचा प्रयत्न कर. आपल्या राज्याच्या १९४९ च्या कायद्याचं नाव आजही दारूबंदीचंच आहे, आणि त्या कायद्यानं आजही प्यायला परवाना लागतो. तुमच्या नवऱ्याकडे आहे का तो, विचारून पाहा. आणि हेच राज्य दारूवर वर्षाला वीस हजार कोटींच्या वर कमावतं. २०२५ मध्ये विदेशी मद्यावरचा कर वाढवला तेव्हाही चर्चा झाली ती तिजोरीत किती येणार याची. त्यातले किती पैसे तालुक्याच्या दवाखान्यात दारू सोडवायच्या चार खाटांवर खर्च होणार, हे कुणी विचारलं नाही. तुमच्या गटानं विचारावं.

शेजारी गडचिरोलीत ही गोष्ट उशिरा का होईना लक्षात घेतली गेली. नुसत्या बंदीवर वीस-बावीस वर्षं काढल्यावर २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ सुरू झालं. ‘सर्च’ संस्था, शासन आणि टाटा ट्रस्ट असे तिघे मिळून. गावात संघटना, चोरट्या विक्रीवर लोकांचा दबाव, आणि त्याच्या जोडीनं तालुक्याच्या ठिकाणी व्यसन सोडवण्याचं क्लिनिक. दारूसोबत खर्रा, म्हणजे सुपारी-तंबाखूचं मिश्रण, तोही त्यांनी धरलाय. खर्रा खाणाऱ्या बायकांबद्दल आपल्याकडे कुणी बाटली आडवी करत नाही, पण तो विषय आज नको.

आता तुमच्या सह्यांचं. २००८ च्या आदेशाप्रमाणे गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी किमान २५ टक्के जणींच्या सह्यांचा अर्ज उत्पादन शुल्क खात्याकडे जातो, ते सह्या पडताळतात, मग गुप्त मतदान होतं. चिठ्ठीवर उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. यात बायका कुठे फसतात ते नीट ऐका. झालेल्या मतांतले निम्म्याहून जास्त मिळवून भागत नाही. यादीत जेवढ्या बायकांची नावं आहेत त्यांच्या निम्म्यांपेक्षा जास्त जणींनी येऊन आडव्या बाटलीवर शिक्का मारावा लागतो. म्हणजे जी आली नाही तिचं मत आपोआप दुकानाला. लग्न होऊन गेलेल्या मुली, मेलेल्या म्हाताऱ्या, पुण्याला कामाला गेलेल्या, सगळ्या यादीत असतात आणि सगळ्या उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजल्या जातात. म्हणून अर्जाच्या आधी यादी साफ करून घ्या. आणि तुमच्या भागातल्या बायका तेलंगणात मिरची तोडायला जातात, त्या परतल्याशिवाय मतदानाची तारीख पदरात पाडून घेऊ नका. नियमांत फेरफार होत असतात, तेव्हा उत्पादन शुल्क खात्याच्या अधीक्षक कार्यालयातून सध्याचा नियम लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्या. हे तुम्हाला मी सांगायला नको, तुम्ही सचिव आहात.

आणखी एक मागणी अर्जाबरोबरच ग्रामसभेत ठेवा: दुकान बंद होईल त्या महिन्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टरांनी रोज पिणाऱ्यांसाठी ठरलेले दिवस द्यावेत, आणि जास्त त्रास होणाऱ्यांना जिल्ह्याला पाठवायची सोय असावी. तुमच्या घरातली ती तान्ह्या पोळ्याची संध्याकाळ दुसऱ्या दहा घरांत होऊ नये यासाठी. दारूबंदीच्या अर्जाला ही पुरवणी जोडलेली मी फार कमी ठिकाणी पाहिलीय, आणि ती सुचवायला तुमच्याइतकी लायक बाई गावात दुसरी नसेल.

आता नवरा.

आधी एक काम करू नका. “पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा” अशा जाहिराती भिंतींवर असतात, मोबाइलवर असतात. चहात, भाजीत पावडर कालवायची. त्या पावडरीत काय आहे हे कुणालाच माहीत नसतं. काहींत डायसल्फिराम असतं. ते पोटात असताना दारू घेतली की छाती धडधडते, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, आणि हृदय कमजोर असेल तर जीव जाऊ शकतो. डॉक्टर हेच औषध देतात, पण माणसाला सांगून, तपासून, त्याची संमती घेऊन. चोरून दिलेल्या औषधानं दुसरंही एक नुकसान होतं: कळल्यावर तो तुमच्या हातचं पाणीही प्यायचा नाही.

त्याच्या जोडीला दुसरी एक जाहिरात असते, रात्री गाडी घेऊन येऊन उचलून नेणाऱ्या केंद्राची. वैतागलेल्या घराला ते बरं वाटतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला साखळीनं बांधायला बंदी आहे, आणि रुग्णाच्या इच्छेविरुद्ध ठेवायचं तर त्यालाही नियम आहेत. जिथे नातेवाइकाला महिना-महिना भेटू देत नाहीत, जिथे डॉक्टर कोण ते सांगत नाहीत, तिथे माणूस टाकू नका. सरकारी जिल्हा रुग्णालयातला मानसोपचार विभाग दिसायला कळकट असेल, पण औषधं खरी असतात.

मग त्याला तयार कसं करायचं? तुम्ही लिहिलंय, “शंभरदा सांगितलं.” कधी सांगितलं? बहुधा रात्री, तो पिऊन आल्यावर. तेव्हा सांगणं म्हणजे भिंतीशी बोलणं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोत पिणाऱ्यांच्या १३० नातलगांना तीन गटांत वाटून एक अभ्यास झाला, तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला स्वतःचं मन सावरायला, पिणाऱ्यापासून मनानं अलिप्त व्हायला शिकवलं. दुसऱ्याला सांगितलं, सगळ्या घरानं मिळून एकदम घेराव घाला; बऱ्याच घरांना तो धीरच झाला नाही. तिसऱ्या गटाला रोजच्या वागण्यातल्या बारीक गोष्टी शिकवल्या: न प्यालेल्या वेळी मुद्दाम जवळ बसा, प्यालेल्या वेळी बाजूला व्हा, त्याच्या पिण्याचे परिणाम स्वतःच्या अंगावर झेलू नका, आणि तो स्वतःच पस्तावलेला असेल त्या घडीला उपचाराचा पर्याय तयार ठेवून समोर ठेवा. पहिल्या गटातले १३ टक्के पिणारे उपचाराला आले, दुसऱ्यातले ३०, तिसऱ्यातले ६४. ती माणसं वेगळी, तो मुलूख वेगळा, हे मला कळतं. पण धांदलीतल्या रात्रीपेक्षा पस्ताव्याची सकाळ कामाची, हे चंद्रपुरातही तितकंच खरं असावं.

तुमच्या घरात याचा अर्थ असा: ट्रॅक्टरच्या मालकाला फोन करून “ह्यांना ताप आलाय” सांगणं बंद. उधारी तुम्ही फेडणं बंद. अंगणात पडला तर कूस बदलून द्या, पांघरूण घाला, पण सकाळी त्यानं विचारलं तर कुठे पडला होता ते न चिडता सांगा. पाऊस-पेरणीच्या दिवसांत तो त्यातल्या त्यात कमी पितो असं तुम्हीच लिहिलंय. तेव्हा त्याच्याबरोबर जेवा. आणि एका बरी उतरलेल्या सकाळी म्हणा, “गुरुवारी डॉक्टर असतात, मी विचारून आलेय. हाताचं कापरं दाखवून येऊ.” ‘दारू सोडायला चल’ म्हणू नका. कापरं त्यालाही नको आहे. डॉक्टरांचा दिवस कोणता ते खरंच आधी विचारून ठेवा. तो हो म्हणाल्यावर चौकशी करायला निघालात तर संध्याकाळपर्यंत हो चा नाही झालेला असतो. त्याआधी तुम्हाला कुणाशी बोलायचं असेल तर व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६, आणि मानसिक आरोग्याची टेलि-मानस १४४१६. दोन्ही फुकट आहेत, आणि टेलि-मानसवर मराठीत बोलता येतं.

शपथ, तुळशीची माळ, ‘परमात्मा एक’ या पंथाच्या सेवकांत जाणं, यांनी सुटलेली माणसं तुमच्या गावात असतील. मी त्यांना हसत नाही. रोज भेटणारी, आपल्यासारखीच न पिणारी माणसं मिळणं हा त्यातला खरा गुण आहे; अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस ही दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना १९३५ पासून त्याच जोरावर चाललीय. फक्त तुमच्या नवऱ्याच्या बाबतीत पहिला आठवडा डॉक्टरकडे जाऊ द्या. माळ त्यानंतर.

आणि तो सुटून पुन्हा पिईल. पिणारच असं नाही, पण बरेच जण पितात. मधुमेहाचा माणूस एखाद्या लग्नात जिलेबी खातो आणि साखर चढते, तेव्हा आपण ‘औषध फुकट गेलं’ म्हणत नाही. पुन्हा डॉक्टरकडे नेतो. पुण्यात १९८६ पासून चालणाऱ्या मुक्तांगणसारख्या व्यसनमुक्ती केंद्रात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा येणाऱ्यालाही दार उघडं असतं ते यामुळेच.

“मारत फारसा नाही” या वाक्यातल्या ‘फारसा’वर माझं बोट अडकलं. प्यालेला असताना तो तुमच्यावर हात उगारतो. ट्रॅक्टरच्या मालकावर उगारतो का? नसेल, तर दारू त्याला पुरती आंधळी करत नाही. कुणावर उगारायचा हे त्याला तेव्हाही कळतं. हिंसेला आजाराच्या खात्यात टाकू नका. दारू सुटेपर्यंत ते सोसायचं असा कुठलाही उपचार नाही. १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे, तातडीला ११२. एक पिशवी, कागदपत्रं आणि थोडे पैसे शेजारच्या विश्वासाच्या घरी ठेवून द्या. गटाच्या दोन बायकांना हे माहीत असू द्या.

याच कारणासाठी पुढारपणाबद्दल माझं मत असं: अर्जाचं, यादीचं, पोचपावत्यांचं काम तुम्ही करा, दुकानासमोर पहिली घोषणा देणारी बाई दुसरी असू द्या. दुकानदाराची माणसं चिडतील तेव्हा नवऱ्याला फुकट पाजून तुमच्यावर सोडणं त्यांना सगळ्यांत सोपं आहे. आणि सह्यांना निघण्याआधी नवऱ्याला तुम्ही स्वतः सांगा, सकाळी. “मी हे करतेय. तुझ्याविरुद्ध नाही, दुकानाविरुद्ध आहे.” पानठेल्यावर दुसऱ्याच्या तोंडून त्याला कळलं तर ते नक्की त्याच्याविरुद्धच होईल. त्याची भरती व्हायची ठरली तर तो महिना सह्यांचं काम दुसरीकडे द्या. दुकान आणखी एक महिना उघडं राहिलं तर राहू दे.

उरला मुलगा. तो सोळाचा आहे, बंदी उठली तेव्हा बारा वर्षांचा होता, आणि गावातलं दुकान त्याच्या शाळेच्या वाटेवर आहे. सही मागायची ती याच्यासाठी. त्याच्या बापासाठी दवाखाना आहे. अशा घरातल्या मुलांना या व्यसनाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, काही रक्तातून, काही डोळ्यांदेखत वाढल्यामुळे. ते त्याला सांगा, भीती न घालता, रक्तदाब घराण्यात असल्याचं सांगतात तसं. “बाबा आजारी आहेत आणि त्यांचं वागणंही चुकतंय,” ही दोन्ही वाक्यं सोळाव्या वर्षी एकत्र समजतात. त्याला बापाला शोधायला अड्ड्यावर पाठवू नका, उतारा आणायलाही नाही. लाज वाटते म्हणून तो मित्रांना घरी आणत नाही असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा त्याच्या हाताला घरातलंच काहीतरी काम द्या ज्याची लाज वाटणार नाही. मतदार यादी मोबाइलवर उतरवता येते, ते त्याला येतं. वहीत नावं लिहायला सांगा: कोण गावात आहे, कोण मिरचीला गेलीय, कोण सासरी, कोण वारली. प्रत्येकीपुढे फोन नंबर. त्या यादीत तुमच्या जावेचंही नाव असणार. तिच्याकडे दुसऱ्या कुणाला पाठवू नका, स्वतः जा.